क्लिऑन मॅडक्स पुन्हा रानात गेला

सिकामोर खोऱ्यात क्लिऑन मॅडक्सच्या हातची पेटी नाही असं घर सापडणं अवघड होतं. पेटी म्हणजे सीडरच्या लाल लाकडाची, वीतभर लांबीची, वर अक्रोडाच्या लाकडाचं सैलसर झाकण. झाकणाला खडू लावायचा आणि पेटीच्या कडेवरून हळूच ओढायचं. आतून टर्की पाखराची मादी बोलायला लागते. हात सरावाचा असेल तर अशी बोलते, की पलीकडच्या डोंगरधारेवरचा नर मान ताठ करून गडगडतो आणि उतरणीला लागतो. क्लिऑन दिवसभर पिंपांच्या फळ्या कापणाऱ्या गिरणीत ओकच्या ओंडक्यांशी झटायचा. संध्याकाळी घरामागच्या खोपटात बसून या पेट्या घासायचा. पेटी तयार झाली की स्वयंपाकघराच्या टेबलावर आणून वाजवायची आणि बायकोचं तोंड बघायचं, हा त्याचा रिवाज होता.

"ही मादी पडशानं आजारी आहे," रुथीन बटाटे सोलता सोलता सांगायची. किंवा, "हिला कुणी विचारत नाही म्हणून रडतेय बिचारी." क्वचित कधी सुरी खाली ठेवायची आणि म्हणायची, "हं. हिच्यामागे लागतील." तेवढं ऐकलं की क्लिऑन पेटीच्या बुडाला आपलं नाव कोरायचा.

रुथीन शाळेच्या भटारखान्यात कामाला होती. अंगानं दणकट, आवाजानं त्याहून दणकट. सगळ्या पोरांना रांगेत उभं करायला तिला खुर्चीवरून उठावं लागत नसे. क्लिऑन तिच्या मानानं किडकिडीत आणि अबोल. लोक म्हणायचे, मॅडक्सच्या घरात बोलायचं खातं रुथीनकडे आहे आणि क्लिऑन फक्त टर्कीशी बोलतो.

आणि खरंच बोलायचा. बापाबरोबर तो रानात जायला लागला तेव्हा त्या डोंगरांत टर्की जवळजवळ संपलीच होती. मग सरकारनं दुसरीकडून आणून सोडलेली पाखरं वाढली, वसंतातल्या शिकारीला परवानगी मिळाली, आणि त्यानंतर दरवर्षी एप्रिल लागला की क्लिऑनची झोप उडायची. डॉगवूडची पांढरी फुलं आली, की अंधार असतानाच ओकच्या बुंध्याला पाठ टेकायची. समोर नकली मादी उभी करायची, तोंडावर जाळी ओढायची आणि दगड होऊन बसायचं. शेतातलं बुजगावणं पाखरांना पळवतं. हे त्याच्या उलट काम. रबराची ती मादी वाऱ्यानं जराशी डुलायची आणि लांबून येणाऱ्या नराला वाटायचं, आपलीच वाट बघतेय.

असाच बसलेला असताना एका सकाळी त्याला गोळी लागली.

गोळी म्हणजे छर्रे. खांद्यात, मानेत, गालात. झाडीपलीकडून कुणीतरी मादीची हाक ऐकली, नकली मादी बघितली, तिच्या मागे काहीतरी लाल हललेलं बघितलं, आणि चाप ओढला. नराचं डोकं वसंतात लाल असतं, निळं असतं, पांढरं असतं. म्हणून शहाणी माणसं रानात जाताना या तीन रंगांचं काही अंगावर ठेवत नाहीत. चाप ओढणारा कुणी परका नव्हता. खोऱ्याच्या तोंडाशी ज्याचं गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज होतं तो गेलन ट्रिप होता. त्यानंच क्लिऑनला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत गाडी हाकता हाकता रडत राहिला. डॉक्टरांनी काढता आले तेवढे छर्रे काढले. राहिले ते राहिले.

जखमा भरल्या. पुढच्या एप्रिलमध्ये क्लिऑन नेहमीसारखा अंधारात उठला, गेला, ओकला पाठ टेकून बसला. आणि उजाडायच्या आधीच परत आला. मागच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडायला गेला तर बोटं ऐकेनात. रुथीननं खाली बसून नाड्या सोडल्या. एरवी वाऱ्याशी भांडणारी बाई, पण त्या दिवशी तिनं नुसती कॉफी आणून त्याच्या हातात दिली.

त्यानंतर त्यानं रानाच्या नावानं कानाला खडा लावला. पेट्या करणं सोडलं नाही. पण बंदूक रुथीननं घेतली. "घरात कुणीतरी पाखरू आणायला हवं ना," एवढंच म्हणाली. ती पेटी वापरत नसे. तिला पाटी आवडायची, तळहाताएवढी गोल दगडी पाटी आणि तिच्यावर घासायची लाकडी काडी. लहानपणी शाळेत पाटीवर अक्षर कधी धड निघालं नाही, म्हणायची, पण टर्कीला माझं अक्षर वाचता येतं. क्लिऑनला मात्र तिची हाक ऐकून हसू यायचं. मादी बोलते, थांबते, उत्तराची वाट बघते. रुथीनला थांबणं ठाऊकच नव्हतं.

"तू नराला बोलावत नाहीस, झापतेस," तो म्हणायचा.

"पण येतात ना?"

येत होते, हे खरं.

गेलन ट्रिपशी त्यांचं भांडण असं नव्हतं. गाडी बिघडली तर दुसरा मेकॅनिक दूर होता, म्हणून क्लिऑन त्याच्याकडेच जायचा. दोघं इंजिनात डोकं घालून बेल्ट आणि प्लग यांच्यावर बोलायचे आणि डोकं वर काढायच्या आत बोलणं संपवायचे. गेलननं बंदूक विकून टाकली, असं क्लिऑनला कळलं होतं. एकाच चर्चमध्ये दोघं वेगवेगळ्या बाजूच्या बाकांवर बसायचे. अशी काही वर्षं गेली.

ईस्टरच्या गाण्यांच्या सरावात त्या वर्षी रुथीनचा आवाज बसला. नुसता बसला नाही, गेलाच. घशातून वारा तेवढा यायचा. शाळेतली पोरं खूश, आणि क्लिऑनला घर इतकं शांत वाटायला लागलं की त्यानं रेडिओ लावून ठेवला. त्यातच शिकारीचे दिवस आले. भल्या सकाळी ती स्वयंपाकघरात थर्मासमध्ये कॉफी भरताना दिसली तसा तो म्हणाला, "घसा असा असताना ओल्या गवतात जाऊन बसणार?"

"टर्कीशी मी माझ्या आवाजात कुठे बोलते?" ती कुजबुजली.

"कुठल्या बाजूला जाणार ते तरी सांग."

"मागची धार. जुन्या चुनखडीच्या कपारीपर्यंत. त्यापुढे नाही." मग दारातून वळून तिनं भुवया उडवल्या. "दुपारच्या आत येते. बिस्किटं करून ठेव, म्हाताऱ्या."

उजाडल्यावर थोड्या वेळानं क्लिऑननं बार ऐकला. एकच. धारेपलीकडून, घुमत. हातातलं पिठाचं भांडं त्यानं खाली ठेवलं. मग त्यानं स्वतःला समजावलं, एक बार म्हणजे नेम लागला. त्यानं कणीक मळली, मऊ पावासारखी बिस्किटं भाजली, दुधाची ग्रेव्ही ढवळली. ग्रेव्हीवर साय धरली. रुथीन आली नाही.

तो व्हरांड्यात येऊन बसला. एक पाखरू घेऊन उतरायला असा किती वेळ लागतो? तिच्या पायांनी कितीही हळू आली तरी कॉफीच्या वेळेला यायला हवी होती. ऊन अंगणातून सरकत खोपटाच्या भिंतीला लागलं. दुपारी एकला शिकार थांबते, तो कायदाच आहे. त्यानंतर रानात बंदूक घेऊन कुणी बसत नाही. एक वाजून गेला. आता क्लिऑन उठून उभा राहिला. एकच बार ऐकला होता त्यानं, पण तो कुणाच्या बंदुकीचा होता हे कुठे कळत होतं? आणि ज्या बाईच्या आवाजानं गिरणीचा भोंगा लाजेल, तिला आज ओरडायचं झालं तरी ओरडता येणार नव्हतं.

त्यानं शिकाऱ्यांना लांबून दिसावा असा नारिंगी कोट अंगात घातला. अंगण ओलांडून कुंपणापर्यंत गेला. कुंपणाच्या पलीकडे झाडी सुरू होत होती, आणि तिथं त्याचे पाय थांबले. त्यानं पायांना शिव्या दिल्या. बायको आत आहे रे, म्हणाला. पाय हलेनात. मग त्यानं आयुष्यात न केलेली गोष्ट केली. गाडी काढली आणि मदत मागायला गेला. आणि जवळपास राहणारा दुसरा माणूस गेलन ट्रिपच होता.

गेलन एका ट्रकच्या खाली पडला होता. क्लिऑनचे बूट ओळखून तो आतूनच म्हणाला, "बॅटरी असेल. सांगितलं होतं मी तुला."

"गाडी नाही. रुथीन सकाळी धारेवर गेली ती परत आली नाही."

ट्रकखालची खुडबुड थांबली. गेलन सरपटत बाहेर आला. हात पुसत क्लिऑनच्या नारिंगी कोटाकडे बघत राहिला.

"बार ऐकलास?"

"एक."

"मग तू इथं काय करतोयस? वर जा की."

क्लिऑन खाली बघत म्हणाला, "माझ्यानं एकट्यानं जाववत नाही."

गेलन एक पाऊल मागे सरला. "मी त्या रानात पाय ठेवत नाही, क्लिऑन. तुला ठाऊक आहे. दुसऱ्या कुणालाही विचार."

"दुसरं कोण आहे?"

गेलननं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं, जणू कुणी येईल. मग भिंतीवरची लाल टोपी काढली, काही सुचून ती परत खिळ्याला अडकवली, आणि बोडक्या डोक्यानं गाडीत बसला.

कुंपणापाशी दोघं उभे राहिले. खाली मेअॅपलच्या रोपट्यांच्या छत्र्या पसरल्या होत्या, वर ओकांना कोवळी, उंदराच्या कानाएवढी पालवी. इतकं शांत, की पान हललं तरी दोघं दचकत होते.

"आवाज करत जायचं," क्लिऑन म्हणाला. "माणसाचा आवाज. म्हणजे कुणी असलंच तर त्याला कळेल."

"एक वाजून गेलाय. कुणी नसणार."

"तरी."

"बरं. मग बोल."

"तूच बोल. मला सुचत नाही."

"काय बोलू?"

"काहीही. पण मोठ्यानं."

गेलननं घसा खाकरला आणि रानाला उद्देशून ओरडला, "आम्ही माणसं आहोत. मी गेलन ट्रिप आहे. माझ्याबरोबर क्लिऑन मॅडक्स आहे." आणि मग, दोन पावलांनंतर, त्याच आवाजात, कारण एकदा तोंड उघडल्यावर त्याला ते मिटता येईना, "त्या दिवशी मी उगाच चाप ओढला नव्हता. मी तुझी हाक ऐकली. अशी खरी हाक मी जन्मात ऐकली नव्हती. मग मला लाल दिसलं. मी शपथेवर सांगतो, मला लाल दिसलं. लोक म्हणाले, घाबरून तुला भास झाला. पोलिसांनाही मी सांगितलं, पण कुणाला खरं वाटलं नाही. आता मलाही वाटेनासं झालंय."

क्लिऑन चालत राहिला. चढ होता, दम लागत होता. पण आवाज करायचा होता, म्हणून तोही ओरडून म्हणाला, "भास नव्हता. लाल होतंच."

"काय होतं?"

"रुमाल. नाक पुसायला काढला होता मी. लाल रुमाल. इतकी वर्षं रानात काढलेला माणूस, आणि खिशात लाल रुमाल घेऊन बसलो."

गेलन थांबला. "हे तू मला आज सांगतोस?"

"तू विचारलं नाहीस."

"मी कसा विचारणार?" गेलनचा आवाज चिरकला. "मी तुला कुठल्या तोंडानं विचारणार होतो?"

क्लिऑननं मागे वळून बघितलं. हा धिप्पाड माणूस मेअॅपलमध्ये गुडघाभर उभा होता आणि त्याचे ग्रीसचे हात लोंबत होते. "चाप तू ओढलास," क्लिऑन म्हणाला, आता ओरडत नव्हता, "ते मी खोडत नाही. रुमाल माझा होता. तो सगळा वेळ मला लाज वाटत राहिली की गावाला कळलं तर हसतील. आणि तुला सांगायला हवं होतं हे डोक्यातच आलं नाही. म्हणजे आलं, पण मी ते बाजूला सारलं."

गेलननं तोंड पुसलं, त्यामुळे गालावर काळा पट्टा उमटला. "चल," शेवटी म्हणाला. "बायको शोधायचीय ना तुझी."

धारेवर पोचले तेव्हा क्लिऑनच्या ध्यानात आलं, की आपण रानाच्या मध्यावर आलोय आणि पाय चालतायत.

इतक्यात खालच्या उतारावरून हाक आली. टर्कीची मादी. गेलन जागच्या जागी खिळला आणि त्यानं क्लिऑनची बाही धरली. "टर्की," तो कुजबुजला.

क्लिऑननं कान दिला. हाक पुन्हा आली. एकामागून एक, एकामागून एक, न थांबता, उत्तराला जागाच न ठेवता, रांगेत न उभ्या राहणाऱ्या पोरांना दरडावावं तशी.

"ती टर्की नाही," क्लिऑन म्हणाला. तो उताराला लागलाच होता. "ती माझी बायको आहे."

कपारीच्या बुडाशी, ओढ्याच्या काठावर रुथीन बसली होती. एक बूट काढलेला, घोटा सुजून भोपळ्यासारखा. मांडीवर पाटी. एका बाजूला भलामोठा मेलेला नर, पंख नीट मिटवून ठेवलेला, आणि दुसऱ्या बाजूला नकली मादी, तिच्या सोबतीला बसवल्यासारखी. दोघांना उतरताना बघून तिनं काडी खाली ठेवली. आधी गेलनकडे बघितलं, मग क्लिऑनकडे, मग पुन्हा गेलनकडे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडानं ती भलतंच कुजबुजली.

"बिस्किटं आणलीस?"

क्लिऑन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. तिचे खांदे, हात, मान चाचपून बघत राहिला. "कुठं लागलंय? रक्त कुठं आहे?"

"रक्त त्याचं आहे." तिनं नराकडे बोट केलं. "बार लागला, आणि हा मेला काही मरेचना. फडफडत, नकली मादीत पाय अडकवून, तिला घेऊनच उताराला लागला. मी बंदूक ठेवून मागे धावले. त्याला धरलं, आणि वरून इथवर आम्ही दोघं बरोबरच घसरत आलो."

"आणि तेव्हापासून हाका मारतेयस?"

"मग काय करू? घशातून शब्द निघेना. बंदूक वर राहिलेली. म्हटलं, माझी हाक नवऱ्याला कळेल." ती दम खायला थांबली. "आणि मजा बघ. सकाळपासून मदतीला बोलावतेय, तर या रानातले सगळे नर येऊन विचारपूस करून गेले. एक तर त्या पडलेल्या ओंडक्यापलीकडे तासभर पिसारा फुलवून नाचत होता. फक्त माझा तेवढा आला नाही."

गेलनला हसू फुटलं. सुरुवातीला खोकल्यासारखं, मग त्याला आवरेचना. तो ओढ्याच्या दगडावर बसला आणि पोट धरून हसत राहिला. हसता हसता रडायला लागला, हे त्या दोघांनाही दिसलं. दोघं ओढ्याकडे बघत बसले.

मग त्यानं तोंडावर पाणी मारलं आणि रुथीनसमोर पाठ करून बसला. "बस," म्हणाला. "या वाटेनं मी एक मॅडक्स आधी नेलाय."

रुथीननं क्लिऑनकडे बघितलं. क्लिऑननं मान हलवली. ती गेलनच्या पाठीवर बसली. "मी त्याच्या दुप्पट आहे," ती त्याच्या कानात कुजबुजली.

"ते कळतंय," गेलन उठता उठता म्हणाला.

क्लिऑननं नारिंगी कोट काढून नराच्या लाल डोक्याभोवती घट्ट गुंडाळला आणि पाखरू खांद्यावर टाकलं. वर जाऊन बंदूक शोधली, गोळ्या काढल्या. उतरताना पुन्हा आवाज करायचा होता. या वेळी दोघं पुरुष चर्चमधलं गाणं बेसूर ओरडत होते, आणि गावातली सगळ्यात चांगली गाणारी बाई पाठीवर बसून, एक शब्दही उच्चारता येत नसताना, गेलनच्या डोक्यावर पाटीच्या काडीनं ताल धरत होती.

दवाखान्याच्या आधी शिकारीच्या नियमाप्रमाणे पाखरू नोंदवायला न्यायचं, असं तिनं गाडीत बसल्याबसल्या बजावलं. क्लिऑन वाद घालणार होता, पण तिनं नुसतं बघितलं. नोंदणीच्या टपरीवरच्या माणसानं नराच्या छातीवरची केसांची दाढी मोजली, नख्या बघितल्या आणि कौतुक केलं. मग डॉक्टरांनी घोटा तपासला. हाड शाबूत होतं, शीर तेवढी मुरगळली होती. क्लिऑननं दोनदा विचारून खात्री केली. घरी येऊन त्यानं साय धरलेली ग्रेव्ही फेकून दिली आणि नवी केली.

रविवारी छातीचं मांस पिठात घोळवून तळलं. गेलनला बोलावलं होतं. तो इस्त्रीचा सदरा घालून, बायकोनं केलेला, आंबट देठांच्या र्‍हुबार्बचा गोड, भाजलेला 'पाय' घेऊन आला आणि अंगणात बराच वेळ गाडीतच बसून राहिला. शेवटी रुथीननं काठी टेकत दारात येऊन त्याला हाक मारली. तिचा आवाज परतला होता. पलीकडच्या शेतातली गाय दचकली.

गेलन पुन्हा बंदूक घेऊन कधी रानात गेला नाही. त्यासाठी त्याला कुणी आग्रहही केला नाही. पण क्लिऑनच्या खोपटात तो संध्याकाळचा येऊन बसायला लागला, आणि लाकडं घासून द्यायला लागला. त्याच्या हातच्या पेट्या बऱ्याच काळपर्यंत खोकल्यासारख्या वाजायच्या.

पुढच्या एप्रिलमध्ये एका पहाटे रुथीन निघाली तेव्हा क्लिऑन दारात बूट घालून उभा होता. बंदूक घेतली नव्हती. "तुझ्या हाका जवळून ऐकाव्या म्हटलं," तो म्हणाला, "निदान चुका तरी सांगता येतील." दोघं धारेवरच्या जुन्या ओकला, एकाच बुंध्याला, खांद्याला खांदा लावून बसले. त्याचा खांदा आधी कापत होता. तिनं तो आपल्या खांद्यानं दाबून धरला. उजाडायला लागलं. खालून नर गडगडला, रुथीननं पाटी घासली, तो जवळ गडगडला. क्लिऑन काही बोलेना म्हणून तिनं जाळीआडून तिरप्या नजरेनं बघितलं. त्याचं डोकं ओकला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं होतं, आणि तो गाढ झोपला होता.

नर नकली मादीपाशी आला. पिसारा उघडून गोल फिरला, उन्हात तांब्यासारखा चमकला. नेम धरायला यापेक्षा सोपं पाखरू रुथीनला आयुष्यात मिळालं नव्हतं. तिनं बंदूक मांडीवरच राहू दिली. नरानं मन भरेपर्यंत मिरवून घेतलं आणि झाडीत निघून गेला, आणि ती नवऱ्याला जाग येईपर्यंत तशीच बसून राहिली.